म्हातारीच्या सिनेमाची पट्टी

त्या म्हातारीच्या सिनेमाची पट्टी मी दुसऱ्यांदा वाचणार होतो. पहिल्यांदा ऐकणारी दोनच माणसं होती, माय आणि वहिनी. या वेळी अख्खी वस्ती बसणार होती आणि माझ्या हातात माईक असणार होता.

पट्टी म्हणजे परदेशी सिनेमात खाली इंग्रजीतून उमटतात त्या ओळी. शहरात त्यांना सबटायटल म्हणतात. मायला वाचता येत नाही, आणि जे वाचता येत नाही त्याचं नाव ती आकारावरून ठेवते. "पट्टी आली बघ, वाच," असं ती म्हणायची. सिनेमाचं नाव मात्र मी सांगणार नाही. सांगितलं की लोक मोबाईलवर शोधतात, दोन मिनिटं बघतात आणि मलाच विचारतात, यात आहे काय एवढं?

आधी घरचं सांगतो. माझा थोरला भाऊ सात वर्षांपूर्वी वारंगा फाट्यावरून एका ट्रकवर क्लीनर म्हणून चढला आणि परत आला नाही. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ट्रकवाल्याचं म्हणणं, पोरगा दुसऱ्या राज्यात एका धाब्यावर उतरला, चहा पिऊन येतो म्हणाला आणि आलाच नाही. फोन बंद. पोलिसात कागद झाला. मी दोनदा त्या धाब्यावर जाऊन आलो. धाबेवाला दुसऱ्यांदा मला बघून आत निघून गेला. वडील आमच्या लहानपणीच गेलेले, त्यामुळे घरात उरलो तिघं.

बेपत्ता माणसाचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नसतं. आमच्या बौद्ध घरांत माणूस गेला की पुण्यानुमोदन करतात. वंदना होते, त्याच्या नावानं वाचन होतं, चार माणसं जेवतात आणि घर पुन्हा चालायला लागतं. भावाचं ते झालं नाही, कारण माय होऊ देत नव्हती. आणि ते झालं नाही म्हणून वहिनी ना सवाष्ण, ना विधवा. तेवीस वर्षांची पोर आमच्या घरात तिशीला आली. माय का होऊ देत नव्हती, त्याचं कारण मी आहे.

आमच्या वस्तीत वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मी सातवीत असताना गुरुजींनी मला वाचायला बसवलं. गुरुजी म्हणजे वस्तीतले निवृत्त शिक्षक, विहाराचा सगळा कारभार त्यांच्याकडं. पहिल्या दिवशी त्यांनी माझा कान हलकेच धरून सांगितलं होतं, "लिव्हलंय तेवढंच वाचायचं. आपलं घालायचं न्हाई, त्याचं गाळायचं न्हाई." आणि ऐकणाऱ्यांना ताकीद होती, वाचणाऱ्याला मधे टोकायचं नाही. जिला एक अक्षर येत नाही त्या माझ्या मायला धम्म, इतिहास, कायदा जे काही ठाऊक आहे ते माझ्या आवाजातून ठाऊक आहे. ती बायांना सांगायची, "माझ्या पोरानं वाचलंय." तिच्या लेखी त्याच्यापुढं पुरावा नव्हता.

पुढं मी नांदेडला शिकायला गेलो आणि शिक्षणापेक्षा सिनेमा जास्त शिकलो. होस्टेलमधल्या एकानं मला पेनड्राइव्ह दिला. त्यात दहा-बारा देशांचे सिनेमे होते. तोवर मी लग्नाचं शूटिंग करायचो. हिंगोली, कळमनुरी, औंढा, जिथं बोलावतील तिथं. नवरी हसली की झूम, नवरदेव घोड्यावर बसला की झूम, आणि वर गाणं. सिनेमा म्हणजे पडद्यावर कुणीतरी सतत बोललं पाहिजे, नाहीतर नाचलं तरी पाहिजे, अशी माझीही समजूत होती.

त्या पेनड्राइव्हनं माझी झोप उडवली. एका वाळवंटी देशातल्या सिनेमात एक माणूस विहीर खणतो, बस्स. बराच वेळ फक्त माती वर येते. मला आधी राग आला. मग लक्षात आलं की मी त्या माणसाच्या श्वासाबरोबर श्वास घेतोय. दुसऱ्या एका सिनेमात बाई खोलीतून निघून जाते आणि कॅमेरा तिच्या मागं पळत नाही. तो रिकामी खोली दाखवत राहतो, आणि आपल्याला बाहेर भांडण ऐकू येतं. मी ते पाच वेळा बघितलं. आमच्या घरातही भांडण असंच ऐकू येतं की! सिद्धेश्वरच्या धरणावर मासे धरणारी माणसं अशीच तास तास गप्प बसतात, आणि त्यांच्याकडं कधी कुणी कॅमेरा घेऊन बघितलेलं नाही. आपण जे रोज बघतो ते बघण्यासारखं आहे, हे मला सात समुद्रापलीकडच्या लोकांनी सांगावं याची लाजही वाटली आणि आनंदही झाला.

लॉकडाऊनमध्ये होस्टेल बंद झालं, मी घरी आलो. माझ्याबरोबर लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह. भावाला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. एक दिवस पोलिसांचा फोन आला. एक बेवारस प्रेत सापडलंय, फोटो पाठवतो, ओळख पटते का बघा. तो भाऊ नव्हता. मी मायला दहा वेळा सांगितलं की तो नाही. पण मायनं जेवण सोडलं. दोन दिवस नुसतं पाणी. वहिनी ताट पुढं करायची, माय भिंतीकडं तोंड करायची. घरात कुणी मोठ्यानं बोलेना. मला त्या शांततेची भीती वाटायला लागली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी काहीतरी आवाज हवा म्हणून लॅपटॉप लावला. हाताला लागला तो त्या म्हातारीचा सिनेमा.

डोंगरातलं गाव, बर्फ, एक म्हातारी, तिची एक शेळी. मुलगा खिंडीपलीकडं कामाला गेलेला. माय भिंतीकडून हळूहळू वळली. शेळी दिसली म्हणून वळली असेल. मग म्हणाली, "पट्टी आली बघ, वाच." दोन दिवसांतलं पहिलं वाक्य. मी मराठीत करून वाचायला लागलो.

मी तो सिनेमा आधी बघितला होता. पुढं काय येणार हे मला माहीत होतं, तरी मी लावला, हा माझा गाढवपणा. अर्ध्यावर पोस्टमन येतो. म्हातारीला वाचता येत नाही, म्हणून तोच पत्र वाचून दाखवतो. पट्टीत लिहिलं होतं, तुमचा मुलगा खिंडीत बर्फाखाली मेलेला सापडला, आम्ही त्याला तिथंच पुरलं. मी तोंड उघडलं. लॅपटॉपच्या उजेडात मायचे डोळे माझ्या तोंडावर होते. आणि मी वाचलं, "आई, मी पोचलो. काम लागलं आहे. खिंड उघडली की येतो."

माय म्हणाली, "आता गं बाई!" आणि तिनं दोन्ही हात जोडले, पडद्यावरच्या त्या म्हातारीला.

एक खोटं पचवायला दहा बोलावी लागतात. पुढं शेजारीण येऊन म्हातारीचं सांत्वन करते, तिथं मी अभिनंदन केलं. म्हातारी रडते, तिथं मी सांगितलं, आनंदानं रडते. मग म्हातारी पीठ मळते, दोन वाडगे मांडते, आणि शेवटी बाहेर येऊन रस्त्याकडं बघत उभी राहते. सिनेमा तिथंच संपतो. मला वाटलं आता पकडला जाईन. पण चित्रात काहीच अडलं नाही. मेलेल्या मुलासाठीही तेच दोन वाडगे, येणाऱ्या मुलासाठीही तेच. माय उठली, हात धुतले आणि वहिनीला म्हणाली, "वाढ." दीड भाकरी खाल्ली तिनं. मला स्वतःचा अभिमान वाटला, हे लपवत नाही.

हा अभिमान महिनाभरही टिकला नाही. माय तो सिनेमा वस्तीत सांगत सुटली. निंदणीच्या रांगेत, दळणाला, दवाखान्याच्या रांगेत. कुणी म्हणालं की शेवटी पोरगा आलेला दाखवला का, तर म्हणायची, "आला असंल की. पिक्चर तिथं संपला म्हनून काय त्यो यायचा ऱ्हातो?" रोज संध्याकाळी ती भावाचं ताट मांडायला लागली. आणि दोन वर्षांनी वहिनीचे वडील तिला न्यायला आले, पोरीचं दुसरं बघतो म्हणाले, तेव्हा माय त्यांना म्हणाली, "त्या बाईनं बर्फात वाट पाहिली. आपल्याकडं तर बर्फबी न्हाई." बाप डोळे पुसत परत गेला. वहिनीनं त्यांच्या चहाच्या कपबशा धुतल्या. मी दारात उभा होतो, आणि मी गप्प बसलो.

त्याहून वाईट पुढंच आहे. मी त्या ताटावर बारा मिनिटांचा सिनेमा केला. कॅमेरा ओसरीवर ठेवला, हलवला नाही, संगीत घातलं नाही. परदेशी सिनेमांनी जे जे शिकवलं ते सगळं त्यात ओतलं. माय ताट मांडते, वाट बघते, ताट उचलते. तो सिनेमा बऱ्याच ठिकाणी दाखवला गेला. मोठ्या शहरातले लोक माझा हात हातात घेऊन म्हणाले, काय ही प्रतीक्षा, किती अस्सल. मी मान लववून आभार मानले. ती प्रतीक्षा मीच पेरली होती आणि पीकही मीच काढलं. त्या बारा मिनिटांत वहिनी एकदाच दिसते, ताट घासताना, तीही पाठमोरी. माझ्या ज्या दृष्टीचं एवढं कौतुक झालं, तिला हे दिसलं नव्हतं.

यंदा उन्हाळ्यात वहिनीला पुन्हा स्थळ आलं. कळमनुरीकडचा गवंडी, बायको वारलेली, माणूस सरळ. वहिनी आता अंगणवाडीत मदतनीस आहे, तिथल्याच ओळखीतून आलं. या वेळी तिच्या मनात होतं. पण मायच्या तोंडून हो आल्याशिवाय ती उंबरा ओलांडणार नव्हती. तिचा भाऊ बोलणी करायला यायचा होता. धुण्याच्या दगडावर तिनं मला थांबवलं. मायला ती आत्याबाई म्हणते.

"भाऊजी, त्या पत्रात काय व्हतं ते आत्याबाईला सांगा."

मी म्हणालो, कोणतं पत्र?

"म्हातारीचं. पट्टीतलं. दहावीला इंग्रजीत पंचेचाळीस व्हते मला. मेला एवढं कळतंय."

साडेपाच वर्षं ती हे घेऊन बसली होती! मी विचारलं, "मग तेव्हा का बोलली नाहीस?"

"वाचणाऱ्याला कोण टोकतं?" ती म्हणाली आणि पिळा आपटायला लागली.

मी वचन दिलं, सांगतो. आज सांगतो, उद्या सांगतो. खाई त्याला खवखवे म्हणतात तसं माय समोर आली की मला खोकला यायचा. असे पंधरा दिवस गेले. तेवढ्यात वस्तीतल्या पोरांनी ठरवलं की आपल्या दिग्दर्शकाचा सत्कार करायचा, आणि मला म्हणाले, तू ज्या परदेशी सिनेमांवर शिकलास त्यातला एक समाजमंदिरात दाखव. मी वाळवंटातला विहिरीचा सांगणार होतो. त्यात बोलणं जवळपास नाहीच. पण मायनं पोरांना आधीच सांगून ठेवलं होतं, म्हातारीचा लावा, लई चांगला हाय, माझं पोरगं पट्टी वाचून दाखवतंय. रविवार दुपार ठरली. वहिनीचा भाऊ सोमवारी येणार होता. सत्काराला हो म्हणून मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं.

रविवारी सकाळी वहिनी एवढंच म्हणाली, "वाचताना बराबर वाचा भाऊजी." तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

समाजमंदिराच्या खिडक्यांना पोरांनी ताडपत्र्या बांधल्या होत्या. आत उकडत होतं, पंखे गरम हवा फिरवत होते. प्रोजेक्टर शाळेतला. माय पहिल्या रांगेत, मांडी घालून, नवं लुगडं नेसून. वहिनी बायकांच्या मागं दाराजवळ. आधी त्रिशरण पंचशील झालं. चौथ्या शीलाला, खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन, तिथं माझा आवाज उतरला आणि शेजारच्या पोरानं माझ्याकडं बघितलं. गुरुजींनी माझ्या गळ्यात हार घातला, माईक दिला आणि खाली बसले. मी पडद्याच्या बाजूला खुर्ची घेतली. तिथून मला पडदाही दिसत होता आणि मायचा चेहराही.

सिनेमा सुरू झाला. मी वाचत होतो ते सगळं खरं होतं, तोवर अडचण नव्हती. शेळी आली, लेकरं हसली. बर्फ बघून एक म्हातारा म्हणाला, "कापूसच की रं." माय शेजारच्या बायांना पुढचं आधीच सांगत होती. "आता शेळी बांधंल. आता चूल पेटवंल." मी दर ओळीला हिशोब करत होतो, पत्र यायला अजून किती. वीज जावी असं वाटलं. आमच्याकडं रविवारी हमखास जाते. नेमकी त्या दिवशी ती जायचं नाव घेईना. पोटात दुखतंय सांगून उठावं, माईक गुरुजींच्या हाती द्यावा, पण गुरुजींना इंग्रजी पट्टी एवढ्या वेगानं वाचवत नाही. पुन्हा तेच खोटं वाचावं, हाही विचार आला, आणि तो सगळ्यात सोपा होता. शंभर माणसांत इंग्रजी पट्टी वाचणारी दोन-तीन कॉलेजची पोरं. ती मला टोकणार नव्हती. वहिनीही टोकणार नव्हती. ती मुकाट उठून घरी गेली असती आणि उद्या तिनं भावाला परत पाठवलं असतं. मला ते अगदी डोळ्यांपुढं दिसत होतं.

पडद्यावर दूर बर्फात एक काळा ठिपका दिसायला लागला.

"पोस्टमन आला," माय सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली. "आता पत्र वाचतोय बगा. पोराची खुशाली येती."

बायका सरसावून बसल्या. पोस्टमननं टोपी काढली, पत्र उघडलं. पट्टी उमटली. दाराजवळ वहिनी उभी राहिलेली दिसली.

"तुमचा मुलगा खिंडीत बर्फाखाली मेलेला सापडला," मी वाचलं. "आम्ही त्याला तिथंच पुरलं."

माईकमुळं माझा आवाज भिंतीवर आपटून परत आला. कुणीतरी च्‌ च्‌ केलं. मायनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. ती रागावलेली नव्हती, पोरानं वाचताना ओळ चुकवली की बघावं तशी बघत होती.

"काय वाचून राहिला तू? चुकलास. बराबर वाच."

वर्षानुवर्षं वाचतोय मी, त्या वस्तीत मला मधे टोकलेलं ते पहिल्यांदाच. सिनेमा पुढं सरकत होता, शेजारीण आली होती, पट्ट्या वाचल्याविना येत होत्या आणि जात होत्या. माय उठून उभी राहिली. तिची सावली पडद्यावर पडली, म्हातारीच्या अंगावर.

"थांबीव रं ते," ती प्रोजेक्टरवाल्या पोराला म्हणाली. "मागं घे. पत्रापाशी."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. पोस्टमन पुन्हा बर्फातून आला, पुन्हा टोपी काढली. हॉलमध्ये पंख्यांचा तेवढा आवाज. मी पुन्हा तेच वाचलं, तेच शब्द, त्याच क्रमानं.

"थांबीव." पडदा थिजला. "मंग मागं मला काय वाचलं व्हतंस?"

शंभर माणसं माझ्याकडं बघत होती. गुरुजींनी खाली मान घातली होती. मला वाटलं होतं, मी कारण सांगेन. तू जेवत नव्हतीस, दोन दिवस झाले होते, मी घाबरलो होतो. सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"खोटं वाचलं माय," मी म्हणालो. माईक चालूच होता.

माय खाली बसली, पदर नीट केला. "लाव फुडं," ती पोराला म्हणाली.

उरलेला सिनेमा मी शब्दाला शब्द वाचला. शेजारीण सांत्वन करते. म्हातारी रडते. पीठ मळते, दोन वाडगे मांडते, बाहेर येऊन रस्त्याकडं बघत उभी राहते. तेवढंच. तो शेवटचा शॉट मी शंभर वेळा बघितला असेल, त्यावर पोरांना भाषणं दिली असतील. त्या दिवशी मी पडद्याकडं बघितलंच नाही. मायकडं बघत होतो. ती त्या बाईकडं बघत होती, अंगानं हलत नव्हती, फक्त तिचे ओठ पडद्यावर पट्टी नसतानाही हलत होते. दिवे लागले तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माय कुणाशी न बोलता घरी गेली.

संध्याकाळी ती चुलीपुढं बसली. मी ओसरीवर होतो, तिनं मला आत बोलावलं नाही. वहिनीला म्हणाली, "तुला कळलं व्हतं?"

"व्हय आत्याबाई."

"मंग बोलली काहून न्हाई?"

मला जे सांगितलं तेच वहिनी मायला सांगेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "मलाबी ते खोटंच खरं वाटावं वाटत व्हतं. लई दिस वाटलं. मंग न्हाई वाटलं."

"लोक म्हनायचे, गेला असंल," माय म्हणाली. "मलाबी आतून कळत व्हतं. पन मी म्हनायचे, माझ्या पोरानं वाचलंय. पिक्चरवर इस्वास न्हवता माझा. याच्या वाचण्यावर व्हता." मग ती रडली. सात वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली, भावाचं नाव घेऊन. वहिनी तिला धरून बसली. मी आत जाऊ शकलो नाही. मला कुणी अडवलेलं नव्हतं, तरी जाऊ शकलो नाही.

सोमवारी वहिनीचा भाऊ आला. तो बिचारा काय काय बोलायचं ते पाठ करून आला होता. चहा व्हायच्या आत मायच बोलली. "येत्या रविवारी पुण्यानुमोदन हाय. माझ्या थोरल्याचं. तुमी समदे या. ते झालं की हिचं ठरवा. लगीन कुठं करता ते कळवा, मी येनार. लेक म्हनून धाडते हिला, सून म्हनून न्हाई." वहिनी आतून बाहेर आली, मायच्या पायाशी बसली आणि तिनं मायच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. तिचा भाऊ तोंड फिरवून अंगणाकडं बघायला लागला.

मला इतकं हलकं वाटलं की मी पुढं झालो. वाटलं, आता सगळं सरळ झालं, आता आपणही काहीतरी करावं.

"वाचनाचं मी बघतो माय," मी म्हणालो.

कालपासून पहिल्यांदा तिनं माझ्याकडं बघितलं.

"न्हाई. तू न्हाई वाचायचं," ती म्हणाली. "त्याचं तरी खरं व्हऊ दे."

रविवारी गुरुजींच्या नातीनं वाचलं, आठवीत आहे ती. मी दाराशी चपलांजवळ बसून ऐकलं.